७०८९७२ : आदिलाबादच्या लोकसंख्येचा आकडा आणि त्याचे गणित

७०८९७२ (वाचन : सात लाख आठ हजार नऊशे बहात्तर) ही सहा अंकी सम नैसर्गिक संख्या आहे. तेलंगणा राज्यातील आदिलाबाद जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेनुसारची लोकसंख्या म्हणून ती शासकीय कागदपत्रांत येते. शिधावाटपापासून शाळा आणि आरोग्य केंद्रांपर्यंत कोणत्याही नियोजनात जिल्ह्याचा आकडा म्हणून प्रथम हीच संख्या पुढे येते. गणिताच्या दृष्टीनेही ती पाहण्याजोगी आहे. ती हर्षद संख्या आहे, एका पूर्ण वर्गाहून ती केवळ ८ ने मोठी आहे आणि कापरेकर प्रक्रियेत ती तीनच पायऱ्यांत एका स्थिरांकापाशी पोहोचते.

या गुणधर्मांपैकी काही त्या राशीचे, म्हणजे प्रत्यक्ष माणसांच्या मोजणीचे आहेत. काही केवळ ती राशी दहा अंकांच्या साहाय्याने लिहिण्याच्या पद्धतीचे आहेत. आकडा जिल्ह्याच्या सीमेवरही अवलंबून असल्यामुळे काही गोष्टी नकाशाने ठरविल्या आहेत. हे तिन्ही वेगळे ओळखता आले, तर कोणत्याही शासकीय आकड्याकडे अधिक डोळसपणे पाहता येते.

आकड्याचा उगम

आदिलाबाद हा तेलंगणाचा उत्तर टोकाचा जिल्हा. पैनगंगा नदी त्याला महाराष्ट्रापासून वेगळे करते. पलीकडे यवतमाळ आणि नांदेड हे जिल्हे आहेत. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ या जिल्ह्यातून जातो. गोंड आणि कोलाम या आदिवासी समाजांची येथे मोठी वस्ती असून केसलापूरची नागोबा यात्रा दूरवर प्रसिद्ध आहे. तेलुगू, गोंडी, कोलामी, उर्दू आणि मराठी या भाषा जिल्ह्यात बोलल्या जातात. क्षेत्रफळ सुमारे ४,१५० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या ३,७०२ चौरस किलोमीटरपेक्षा काहीसे अधिक आहे. लोकसंख्या मात्र गोव्याच्या १४,५८,५४५ या आकड्याच्या निम्म्याहूनही थोडी कमी आहे. दोन्ही आकडे २०११ च्या जनगणनेचे आहेत.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. २०११ साली जनगणना झाली तेव्हा आज ज्याला आदिलाबाद जिल्हा म्हणतात तो या आकारात अस्तित्वात नव्हता. त्या वेळच्या अविभाजित आदिलाबाद जिल्ह्याची लोकसंख्या २७,४१,२३९ नोंदली गेली. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी तेलंगणा शासनाने जिल्ह्यांची पुनर्रचना केली आणि जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. २०११ च्याच नोंदी नव्या सीमांप्रमाणे पुन्हा जुळविल्या असता आकडे असे येतात :

आदिलाबाद : ७,०८,९७२
मंचेरियाल : ८,०७,०३७
निर्मल : ७,०९,४१८
कुमुरम भीम आसिफाबाद : ५,१५,८१२

या चारांची बेरीज २७,४१,२३९ येते, म्हणजे जुन्या जिल्ह्याच्या आकड्याशी ती तंतोतंत जुळते. याचा अर्थ ७०८९७२ हा आकडा कोणा प्रगणकाने ‘आदिलाबाद जिल्हा’ म्हणून मोजलेला नाही. गावोगावच्या नोंदी नव्या सीमेत बसवून तो बेरजेने सिद्ध झालेला आहे. माणसे खरी आहेत, परंतु कोणती माणसे या बेरजेत घ्यावयाची हे पाच वर्षांनंतर आखलेल्या रेषेने ठरविले.

आदिलाबादच्या सीमेची अशी हालचाल प्रथमच झाली असे नाही. हैदराबाद संस्थानाच्या काळात आणि नंतरच्या हैदराबाद राज्यात किनवट आणि राजुरा हे तालुके याच जिल्ह्यात मोडत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठी भाषक मुलूख म्हणून ते वेगळे झाले. किनवट आज नांदेड जिल्ह्यात, तर राजुरा चंद्रपूर जिल्ह्यात आहे. एकाच नावाच्या जिल्ह्याचे वेगवेगळ्या दशकांतील आकडे शेजारी ठेवून ‘वाढ’ किंवा ‘घट’ काढणाऱ्याने प्रथम नकाशा पाहावा तो यासाठीच.

लेखन आणि वाचन

भारतीय पद्धतीत ही संख्या ७,०८,९७२ अशी लिहिली जाते. हजारानंतर दोन-दोन अंकांचे गट पडतात आणि त्यातून लाख, कोटी ही नावे येतात. आंतरराष्ट्रीय पद्धतीत तीन-तीन अंकांचे गट असल्याने तीच संख्या ७०८,९७२ अशी लिहितात. स्वल्पविरामाची जागा बदलली तरी संख्या बदलत नाही.

उच्चारातही असाच भेद आढळतो. मराठीत ७२ ला ‘बहात्तर’ म्हणतात. त्यात आधी दोन आणि मग सत्तर ऐकू येतात. तेलुगूत त्याच संख्येला ‘डेब्बै रेंडु’ म्हणतात, म्हणजे आधी सत्तर आणि मग दोन. आदिलाबादच्या बाजारात दोन्ही भाषा ऐकत वाढणारे मूल एकाच आकड्याचे शेवटचे दोन अंक दोन उलट क्रमांनी उच्चारते, आणि व्यवहारात चूक होत नाही. नाव, लिपी आणि क्रम हे भाषेचे आहेत. राशी त्यांच्यापलीकडची आहे.

मूळ अवयव आणि विभाजक

कोणत्याही संख्येचे सर्वांत मूलभूत वर्णन म्हणजे तिचे मूळ अवयव. ७०८९७२ चे मूळ अवयव असे पडतात :

७०८९७२ = २ × २ × ३ × ११ × ४१ × १३१

शाळेत शिकविल्या जाणाऱ्या कसोट्यांनी यांतील बरेचसे अवयव तोंडी सापडतात. शेवटचे दोन अंक ७२ असल्याने ४ ने भाग जातो. अंकांची बेरीज ७ + ० + ८ + ९ + ७ + २ = ३३ असल्याने ३ ने भाग जातो, परंतु ९ ने जात नाही. एकाआड एक अंक मिळवत आणि वजा करत गेल्यास ७ − ० + ८ − ९ + ७ − २ = ११ येतात, म्हणून ११ ने भाग जातो. ४ × ३ × ११ = १३२ ने भागल्यावर ५३७१ उरतात आणि ते ४१ × १३१ आहेत. १ आणि स्वतःशिवाय दुसऱ्या कशानेही भाग न जाणारी संख्या ती मूळ संख्या. ४१ आणि १३१ या दोन्ही तशा आहेत, म्हणून येथे अवयव पाडणे थांबते.

यावरून पुढील गोष्टी निश्चित होतात. या संख्येला एकूण ४८ विभाजक आहेत. स्वतः ती संख्या सोडून उरलेल्या ४७ विभाजकांची बेरीज ११,५३,८१२ येते. ही बेरीज मूळ संख्येहून मोठी आहे. ज्या संख्येच्या अशा विभाजकांची बेरीज नेमकी त्या संख्येइतकी येते तिला परिपूर्ण संख्या म्हणतात. ६ आणि २८ ही त्याची परिचित उदाहरणे होत. ७०८९७२ त्या मर्यादेच्या बरीच पुढे आहे. तसेच १ पासून ७०८९७२ पर्यंतच्या संख्यांपैकी तिच्याशी १ शिवाय कोणताही समान अवयव नसलेल्या संख्या बरोबर २,०८,००० आहेत. इतकी नेटकी, तीन शून्यांवर संपणारी संख्या येणे हा केवळ योगायोग आहे.

आयत आणि वर्ग

हे अवयव कागदावरचे वाटत असतील तर त्यांना मैदानात उतरविता येते. जिल्ह्यातील ७,०८,९७२ माणसे एका विशाल मैदानावर रांगांत उभी आहेत अशी कल्पना करावी. प्रत्येक रांगेत सारखीच माणसे असावीत आणि कोणीही उरू नये अशी अट घातली, तर विभाजक ४८ असल्याने अशा मांडणीच्या २४ जोड्या मिळतात. त्यांपैकी चौरसाच्या सर्वांत जवळ जाणारी मांडणी ७८६ रांगा आणि प्रत्येक रांगेत ९०२ माणसे ही होय.

नेमका चौरस मात्र जमत नाही. ८४२ रांगांत प्रत्येकी ८४२ माणसे उभी केल्यास ७,०८,९६४ माणसे सामावतात आणि ८ उरतात. त्या आठांचे २ × २ असे दोन लहान चौरस होतात. म्हणजे :

७०८९७२ = ८४२² + २² + २²

एका चौरसात जे साधत नाही ते तीन चौरसांत साधते. दोन चौरसांत साधेल काय? नाही, आणि ते प्रयत्न न करताही सांगता येते. ४ ने भागल्यावर ३ बाकी उरणारी मूळ संख्या एखाद्या संख्येच्या अवयवांत विषम वेळा आली, तर ती संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही, असा संख्याशास्त्रातील प्रसिद्ध सिद्धांत आहे. येथे ३, ११ आणि १३१ या तिन्ही तशाच मूळ संख्या आहेत आणि प्रत्येक एकेकदाच आली आहे. मात्र कोणतीही नैसर्गिक संख्या जास्तीत जास्त चार वर्गांच्या बेरजेने लिहिता येतेच, हे लाग्रांज यांनी १७७० मध्ये सिद्ध केले. दोन वर्गांच्या वजाबाकीने हीच संख्या ८४४² − ५८² अशी लिहिता येते.

या विभागातील आणि आधीच्या विभागातील प्रत्येक विधान राशीविषयीचे आहे. आकडा रोमन अंकांत लिहिला, दोरीला गाठी मारून ठेवला किंवा खड्यांचा ढीग करून मोजला, तरी चौरस करताना आठ खडे उरणारच.

हर्षद संख्या

ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो तिला हर्षद संख्या म्हणतात. ७०८९७२ च्या अंकांची बेरीज ३३ आहे आणि

७०८९७२ ÷ ३३ = २१४८४

असा पूर्ण भाग जातो. म्हणून आदिलाबादचा आकडा हर्षद ठरतो. विभाजनातून निर्माण झालेल्या चार जिल्ह्यांपैकी कुमुरम भीम आसिफाबादचा आकडाही तसाच आहे. ५ + १ + ५ + ८ + १ + २ = २२ आणि ५१५८१२ ÷ २२ = २३४४६. मंचेरियाल, निर्मल आणि अविभाजित जिल्हा यांचे आकडे हर्षद नाहीत. गोव्याच्या १४,५८,५४५ ची अंकबेरीज ३२ येते. मूळ संख्या विषम असल्याने तिला ३२ ने भाग जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

हर्षद संख्या फार दुर्मिळ नसतात. १ ते १०० मध्ये त्या ३३ आहेत आणि १ ते १००० मध्ये २१३. दहा लाखांपर्यंत त्यांचे प्रमाण सुमारे साडेनऊ टक्के, म्हणजे साधारण दर दहा-अकरा संख्यांमागे एक, इतके येते. त्यामुळे चार जिल्ह्यांपैकी दोघांचे आकडे हर्षद निघणे ही सुखद गंमत असली तरी चमत्कार नव्हे.

‘हर्षद’ म्हणजे हर्ष देणारी. हे नाव देणारे गणितज्ञ मराठी होते.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. शालेय शिक्षण ठाण्यात, महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ मध्ये त्यांना गणितातील रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले आणि १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी मिळाली. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळाशिक्षक होते. संख्यांच्या अंकांत दडलेले नियम शोधणे हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास होता.

भारतातील अनेक गणितज्ञांनी त्यांचे काम दीर्घकाळ क्षुल्लक मानले. अंकांशी खेळ म्हणजे गणित नव्हे, असा आक्षेप होता. १९७५ मध्ये अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या स्तंभात त्यांच्याविषयी लिहिल्यानंतर त्यांचे नाव जगभर पोहोचले. हर्षद संख्यांना पाश्चात्त्य ग्रंथांत निव्हेन संख्या असेही म्हणतात, कारण आयव्हन निव्हेन यांनी १९७७ मध्ये एका परिषदेत त्यांविषयी व्याख्यान दिले होते. कापरेकरांचे निधन १९८६ मध्ये झाले.

कापरेकर प्रक्रिया आणि स्थिरांक

कापरेकरांची सर्वांत गाजलेली संख्या ६१७४ ही होय. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून मिळणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने मांडून मिळणारी संख्या वजा करावी. आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि पुढे तेच येत राहते. जनगणनेचे वर्ष २०११ घेतले तर :

२११० − ०११२ = १९९८
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

स्वतः ६१७४ ही हर्षद संख्या आहे. तिची अंकबेरीज १८ असून ६१७४ = १८ × ३४३.

सहा अंकी संख्यांचे वागणे इतके सरळ नाही. तेथे ५४९९४५ आणि ६३१७६४ असे दोन स्थिरांक आहेत. त्याखेरीज सात संख्यांचे एक वर्तुळ आहे : ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६. या वर्तुळात शिरलेली संख्या कधीच थांबत नाही, फिरत राहते.

आदिलाबादचा आकडा या प्रक्रियेत घातला असता पुढील पायऱ्या मिळतात :

९८७७२० − ०२७७८९ = ९५९९३१
९९९५३१ − १३५९९९ = ८६३५३२
८६५३३२ − २३३५६८ = ६३१७६४
७६६४३१ − १३४६६७ = ६३१७६४

तिसऱ्या पायरीवर स्थिरांक येतो आणि चौथी पायरी त्याची खात्री देते. तुलनेसाठी आदिलाबाद शहराचा पिनकोड ५०४००१ घेता येतो. त्यातून ५४०८५५, ८०९९८२, ९६९९२१, ८७२६२२, ६५३५४४, ३१०८८७, ८७३५२२, ६५१७४४, ६२०८७४ अशा नऊ संख्या ओलांडून दहाव्या पायरीवर ८५१७४२ येते आणि प्रवास त्या सात संख्यांच्या वर्तुळात अडकतो. एकाच गावाशी निगडित दोन संख्यांपैकी एक तीन पावलांत विसावते, तर दुसरी दहा पावले चालून कायमची फिरत राहते.

या खेळामागील कारण समजण्यास कठीण नाही. अंकांचा क्रम बदलला तरी त्यांची बेरीज तीच राहते. ९ ने भागल्यावर उरणारी बाकी अंकांच्या बेरजेवरूनच ठरते. त्यामुळे उतरत्या आणि चढत्या क्रमाच्या संख्यांना ९ ने भागल्यावर सारखीच बाकी उरते आणि त्यांच्या वजाबाकीला ९ ने भाग जातो. वरील प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज १८, २७ किंवा ३६ आहे ती म्हणूनच. शिवाय शून्याने सुरू होणाऱ्या धरूनही सहा अंकी मांडण्या दहा लाखच आहेत. मर्यादित संख्यांमध्ये अखंड फिरायचे तर केव्हा तरी आधी येऊन गेलेली संख्या पुन्हा येणारच. म्हणून शेवट एक तर स्थिरांकात होतो, नाही तर वर्तुळात.

जनक संख्या

कापरेकरांनी अभ्यासलेली आणखी एक रीत म्हणजे संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळविणे. ७०८९४२ ची अंकबेरीज ३० आहे आणि ७०८९४२ + ३० = ७०८९७२. म्हणून ७०८९४२ ही आदिलाबादच्या आकड्याची जनक संख्या ठरते. तिच्याशिवाय दुसरी जनक नाही. त्याच रीतीने पुढे गेल्यास ७०८९७२ + ३३ = ७०९००५ मिळते. काही संख्यांना जनकच नसते, उदाहरणार्थ २०, ३१, ४२ आणि ९७. त्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटले. ७०८९७२ स्वयंभू नाही.

एका माणसाचा फरक

हर्षद असणे, स्थिरांकाला पोहोचणे आणि जनक संख्या असणे हे तिन्ही गुणधर्म दशमान लेखनाचे आहेत. संगणकात वापरल्या जाणाऱ्या द्विमान पद्धतीत, म्हणजे केवळ ० आणि १ या अंकांत, ७०८९७२ ही १०१०११०१०००१०११०११०० अशी लिहिली जाते. तिच्यात दहा वेळा १ आला आहे, म्हणून द्विमान पद्धतीतील अंकबेरीज दहा. मूळ संख्येला दहाने भाग जात नाही. राशी तीच, माणसे तीच, परंतु लिहिण्याची पद्धत बदलताच हर्षदपण नाहीसे होते. कापरेकरांवरील आक्षेपाचा रोख याच मुद्द्यावर होता. त्याचे उत्तरही येथेच आहे. दशमान लेखन ही माणसाची निर्मिती असली, तरी एकदा ती स्वीकारल्यावर तिच्यातून निघणारे नियम कोणाच्या इच्छेने बदलत नाहीत. ६१७४ हा शोध त्यामुळेच टिकला.

हे गुणधर्म किती नाजूक आहेत तेही पाहावे. मोजणीत एक माणूस कमी धरला असता तर आकडा ७०८९७१ झाला असता. तो हर्षद नाही, आणि कापरेकर प्रक्रियेत तो आठ पायऱ्यांनंतर वर्तुळात शिरतो. एक माणूस अधिक धरला असता तर ७०८९७३ हा आकडाही हर्षद नसता आणि पाच पायऱ्यांत वर्तुळात गेला असता. दोन माणसे कमी असती तर मात्र ७०८९७० = ३१ × २२८७० हा आकडा पुन्हा हर्षद ठरला असता. पुढच्या बाजूला त्यासाठी बारा माणसे वाढून ७०८९८४ व्हावे लागते.

म्हणून अशा गुणधर्मांतून शुभाशुभ काढणे व्यर्थ आहे. आकडा हर्षद आहे याचा अर्थ जिल्हा सुखी आहे असा होत नाही. पैनगंगेच्या काठच्या गावात शाळा आहे की नाही, पाड्यावर प्रसूतीच्या वेळी वाहन पोहोचते की नाही, हे ३३ ने भाग जाण्यावर ठरत नाही. एखादा आदिवासी पाडा मोजणीतून निसटला, तर ७०८९७२ चे हर्षदपण बहुधा त्याबरोबर जाईल. पण खरी हानी त्या पाड्याच्या शिध्याची आणि शाळेची असेल.

आकड्याची मुदत

७०८९७२ ही संख्या १ मार्च २०११ या संदर्भ दिनाची आहे. त्यानंतर जिल्ह्यात जन्म झाले, मृत्यू झाले, कामासाठी माणसे गेली आणि आली. २०२१ ची जनगणना कोविडच्या साथीमुळे लांबणीवर पडली, त्यामुळे हा आकडा नेहमीच्या दहा वर्षांहून अधिक काळ वापरात राहिला. पुढील जनगणनेसाठी देशाच्या बहुतांश भागात १ मार्च २०२७ हा संदर्भ दिन केंद्र शासनाने अधिसूचित केला आहे. ती पूर्ण झाली की आदिलाबाद जिल्हा आजच्या सीमांसह प्रथमच प्रत्यक्ष मोजला गेलेला असेल.

नवा आकडा हर्षद असेल किंवा नसेलही. ७०८९७२ ला मात्र ३३ ने भाग जात राहील, चौरस करताना आठच उरतील आणि तिसऱ्या पायरीवर ६३१७६४ येईल. हे सत्य कोणत्याही जनगणनेने जुने होत नाही. तिने जुनी होणार आहे ती फक्त या संख्येची आदिलाबादचा आकडा म्हणून असलेली ओळख.